वजन काट्यावर दिसते, मग जबाबदारी का दिसत नाही?

दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली, की ऊसपट्ट्यातल्या घराघरांत एक काळजी सुरू होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, बीड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत राहणाऱ्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी निघालेल्या मुलाला आई फोनवर बजावते, ‘उसाच्या गाड्या चालू झाल्यात, जपून ये.’ एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रेडियम, आणि अंधारात तासाला पंधरा-वीस किलोमीटरने सरकणारा तो काळा डोंगर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. गाळप हंगाम चार-पाच महिने चालतो. उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून कुणीतरी दगावल्याची बातमी वाचायला मिळाली नाही, असा हंगाम आठवतो का? गावाचे नाव तेवढे बदलते.

दर वेळी दोष कुणाचा ठरतो? ट्रॅक्टरचालकाचा, नाहीतर मेलेल्या दुचाकीस्वाराचा. ज्याच्या गव्हाणीत तो ऊस पडायचा होता, त्या कारखान्याचे नाव बातमीत क्वचितच असते. या वाहतुकीवर सर्वांत जास्त ताबा ज्याचा आहे, त्याच्यापर्यंत जबाबदारी पोहोचत नाही तोवर हे थांबणार नाही, हे सांगण्यासाठी पुढचे मुद्दे.

१. ओढण्याची ताकद निराळी, थांबवण्याची निराळी. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण दोन टन असते. त्याच्यामागे दोन ट्रॉल्या आणि त्यांतला ऊस मिळून वीस टनांवर वजन सहज जाते. म्हणजे ओढणाऱ्याच्या दहापट ओझे ओढले जात असते. सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर हे ओझे हलवतो, म्हणून आपल्याला वाटते की त्याला ते झेपते. उतार लागला की खरे कळते. तिथे ट्रॅक्टर ट्रॉल्या ओढत नसतो, ट्रॉल्याच ट्रॅक्टरला ढकलत असतात. चालकाने ब्रेक दाबला तर मागचे ओझे तिरके होऊन ट्रॅक्टरला आडवे पाडते. चढावर उलटा प्रकार होतो. मागचा ताण इतका वाढतो की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात, आणि चाक जमिनीला टेकलेलेच नसेल तर स्टिअरिंग फिरवून उपयोग काय? आता अधिक अश्वशक्तीचे ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत, इलेक्ट्रिक ट्रॅक्टरही बाजारात येत आहेत. विजेच्या मोटारीचा जोर जागच्या जागीच मिळतो, त्यामुळे आणखी मोठे ओझे हलवण्याचा मोह होणार. पण इंजिन बदलल्याने ट्रॅक्टरचे वजन दहापट होत नाही. जे थांबवता येत नाही ते रस्त्यावर आणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

२. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवाच. शेतात चालण्यासाठी घडवलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना डावा आणि उजवा असे दोन वेगळे ब्रेक असतात, कारण नांगरताना एकाच बाजूचा ब्रेक दाबून जागेवर वळायचे असते. डांबरी रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडायचे असतात. ही पट्टी न लावता भरधाव ट्रॅक्टरचा एकच ब्रेक दाबला गेला तर काय होईल, याची कल्पना करा. आणि पट्टी लावली तरी दोन चाकांनी वीस टन कसे थोपवायचे? जगाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ब्रिटनमध्ये ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. अमेरिकेत पिकअप गाडीमागे बोट नाहीतर घोडा नेणारी साधी कुटुंबे असतात, आणि तिथल्या बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे. सुट्टीच्या सहलीला निघालेल्या बोटीमागे येणाऱ्या माणसाच्या जिवाची एवढी काळजी घेतली जाते. आमच्याकडे दहा-दहा टनांच्या ट्रॉल्या ब्रेकशिवाय बाजारपेठेतून, शाळेसमोरून जातात. तिथल्या माणसाचा जीव आमच्या माणसापेक्षा महाग आहे, हे मान्य करायला आपण तयार आहोत का?

३. जे दिसत नाही ते मारते. साधा हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटरने चाललेली दुचाकी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. दिव्याच्या खालच्या झोतात तीस-चाळीस मीटरच्या पलीकडचे फारसे दिसत नाही. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यात निम्मे अंतर संपलेले असते. समोरून येणाऱ्या मोटारीने वरचा झोत टाकलेला असेल तर तेही अंतर उरत नाही. वाळलेले पाचट आणि माती माखलेली ट्रॉली यांचा रंग रात्रीच्या रस्त्यासारखाच असतो. अशा वेळी चांगल्या प्रतीची परावर्तक पट्टी, ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो, दिव्याचा उजेड पडताच शंभर मीटरवरून ओरडून सांगते की इथे गाडी आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात संथ वाहनांसाठी नारिंगी-लाल त्रिकोणाचे चिन्ह तयार झाले, कारण शेतीची वाहने मागून ठोकरली जातात हे तिथल्या अभ्यासकांनी ओळखले. साठ वर्षे झाली. एका ट्रॉलीला पुरेल एवढ्या रेडियमचा खर्च तिच्या एका खेपेच्या भाड्यापुढे काहीच नाही. एवढ्या स्वस्त गोष्टीअभावी माणूस मरतो, तेव्हा त्याला निष्काळजीपणाचा बळी म्हणावे लागते.

४. रेडियम लावले आणि उसाने झाकले, तर ते न लावल्यासारखेच. हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या आवारात पोलीस आणि परिवहन खात्याचे अधिकारी येतात, ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवतात, छायाचित्रे निघतात. उपक्रम चांगलाच आहे. पण पंधरा दिवसांनी तीच ट्रॉली पाहा. मोळ्या रचताना उसाचे शेंडे मागे हातभर बाहेर काढलेले असतात आणि पट्टी, दिवा, नंबर सगळे त्यांच्याआड गेलेले असते. बाजूंनी बाहेर आलेला ऊस अरुंद रस्त्यावर पायी चालणाऱ्याच्या तोंडाला, दुचाकीस्वाराच्या हँडलला लागतो. मोळ्या निसटून रस्त्यावर पडतात, त्यांवरून दुचाकी घसरतात. गावातली पोरे चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला मागे धावतात, आणि त्यांना हटकायलाही कुणी नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार गाडीच्या बाहेर माल काढून वाहतूक केल्यास वीस हजार रुपये दंड आहे आणि तो माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याकडून घ्यायचा आहे. मोळी ट्रॉलीच्या चौकटीत बसवणे आणि मागचा फळका मोकळा ठेवणे हे रचणाऱ्याच्या हातातले काम आहे. शेतात ते झाले नाही तर रस्त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा उपयोग फक्त छायाचित्रापुरता.

५. बंद पडलेली ट्रॉली चालत्या ट्रॉलीपेक्षा घातक आहे. टायर फुटतो, आस मोडतो, पिन तुटते. चालक ट्रॅक्टर सोडवून घेऊन मदत आणायला जातो आणि भरलेली ट्रॉली डांबरावरच उभी राहते, कधी दोन तास, कधी रात्रभर. चाकांना दगडांची उटी लावलेली असते. मागे इशारा म्हणून झाडाची फांदी टाकलेली असते, तीही अंधारात दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉली निघून जाते, दगड मात्र रस्त्यावरच राहतात आणि पुढच्या रात्री त्यांवर कुणाची तरी दुचाकी उडते. दोन परावर्तक त्रिकोण, एक चमकणारा बॅटरीचा दिवा आणि लाकडी उट्या, एवढे सामान प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत बसते. याहून महत्त्वाचे म्हणजे बंद पडलेली ट्रॉली उचलण्याची जबाबदारी एकट्या चालकावर टाकून चालणार नाही. कारखान्याकडे शेतकी खात्याची माणसे आहेत, जीप आहेत, क्रेन आहेत. आपल्या गव्हाणीकडे निघालेली ट्रॉली रस्त्यात अडली असेल तर तासाभरात तिथे पोहोचणारे पथक प्रत्येक कारखान्याने हंगामभर ठेवले पाहिजे. उसाच्या गाळपाचा आकडा रोज कळतो, तसा अडलेल्या ट्रॉलीचा ठावठिकाणाही कारखान्याला कळलाच पाहिजे.

६. एका पिनेवर किती जीव टांगायचे? दोन ट्रॉल्यांना जोडणारी पिन हा या सगळ्या रचनेचा सर्वांत दुबळा दुवा आहे. ती झिजते, तिची खीळ हरवते, तिच्या जागी सळईचा तुकडा घातला जातो. खड्ड्यात चाक आपटले की तोच तुकडा निसटतो आणि मागची ट्रॉली सुटते. चढावर सुटलेली ट्रॉली मागे येणाऱ्या मोटारींवर जाते, बाजारात सुटलेली ट्रॉली दुकानात घुसते. जिथे लोक पिकअप गाड्यांमागे ट्रेलर नेतात तिथे जोडाच्या खाली आडव्या फुलीत टाकलेल्या दोन साखळ्या असतात. मुख्य जोड तुटला तरी साखळ्या ट्रेलरला धरून ठेवतात. ब्रेक असलेल्या जड ट्रेलरला आणखी एक सोय असते. तो सुटला तर त्याचा ब्रेक आपोआप लागतो. यात न परवडणारे तंत्रज्ञान कोणते? जाड साखळी, खीळ असलेली पक्की पिन आणि रोज सकाळी पाच मिनिटे वाकून पाहण्याची सवय. गावातला कुठलाही वेल्डर साखळीचे हुक एका दिवसात बसवून देईल. हे झालेले नाही, कारण साखळी नसलेली ट्रॉली अजून कुठल्याही कारखान्याच्या दारातून परत गेलेली दिसत नाही.

७. टनावर पैसे मिळतात तोवर ट्रॉली वाहतच राहणार. ट्रॅक्टरमालकाला भाडे टन आणि अंतराच्या हिशेबाने मिळते. त्याने ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलेले असते. ऊसतोड मजुरांच्या टोळीसाठी मुकादमाला लाखांची उचल दिलेली असते, आणि मुकादमाने टोळी आणलीच नाही तर ते पैसे बुडाल्यात जमा. डिझेल, टायर, हप्ता हे सगळे चार-पाच महिन्यांतच भागवायचे असते. अशा माणसाला खेपेमागे दोन टन जास्त टाकले तर दोन पैसे जास्त मिळतात, हे कळायला शाळा लागत नाही. त्याला आपण गुन्हेगार म्हणून मोकळे होतो. पण त्याला या कोपऱ्यात ढकलणारी दरपद्धती कुणी ठरवली? ज्या व्यवस्थेत जास्त भरणाऱ्याला जास्त पैसे आणि नियमाने भरणाऱ्याला तोटा, तिथे नियम पाळणारा माणूस उरत नाही. मर्यादेत भरलेल्या ट्रॉलीला पुरेसे भाडे आणि मर्यादेवरच्या वजनाला शून्य भाडे, असा दर ठरवा आणि पाहा, एका आठवड्यात ट्रॉलीवरची मोळी खाली उतरते की नाही. ओव्हरलोडची मुळे चालकाच्या हावेत शोधू नका, ती वाहतुकीच्या करारात आहेत.

८. काटा सगळे जाणतो. हा माझा मुख्य मुद्दा आहे. महामार्गावर परिवहन खात्याच्या एका पथकाने दिवसभरात किती ट्रॉल्या तपासायच्या? पण गाळपाला जाणारी प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी थांबतेच, आणि ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. तिथे भरलेल्या गाडीचे वजन होते, रिकाम्या गाडीचे होते, गाडी क्रमांकासह पावती निघते. कोणती ट्रॉली किती किलो जास्त भरून आली, हे कारखान्याच्या संगणकात हंगामाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नोंदलेले असते. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात राज्यात सुमारे १३ कोटी टन ऊस गाळला गेला. त्यातल्या प्रत्येक टनाची पावती झाली. म्हणजे मर्यादा मोडल्याचा पुरावा रोज, हजारोंच्या संख्येने, छापून निघतो, आणि तो पाहणाऱ्याला तो फक्त उसाचे वजन म्हणून दिसतो. ज्याच्या हातात मोजण्याचे यंत्र आहे, दार उघडण्याचा अधिकार आहे आणि पैसे देण्याची चावी आहे, त्याने ‘वाहतूकदार आमचा नोकर नाही’ असे म्हणून हात झटकावेत, हे आपण का ऐकून घ्यायचे? ज्याने वजन मोजले, त्याने वजनाची जबाबदारीही घेतलीच पाहिजे.

९. कायदा आहे, त्याचा रोख बदलायला हवा. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ मर्यादेपेक्षा जास्त वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये सांगते. हे कलम केवळ गाडी चालवणाऱ्याला लागू नाही. जो ती चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही ते लागू आहे. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी व्हावी लागते आणि ट्रॅक्टरचा क्रमांक सर्वांत मागच्या ट्रॉलीवर दिसावा लागतो. मग मागून फोटो काढला तर किती ट्रॉल्यांचा क्रमांक वाचता येईल? नोंदणी आणि विमा नसलेल्या ट्रॉलीमुळे माणूस दगावला, तर त्याच्या विधवेला भरपाईसाठी वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि ज्याच्या नावावर फक्त कर्ज आहे त्या ट्रॅक्टरमालकाच्या घराकडून तिला काही मिळण्याची शक्यता नसते. आता साखर आयुक्तालयाकडे वळू. त्याच्याकडून गाळप परवाना मिळाल्याशिवाय धुराडे पेटत नाही. एफआरपीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दराची, थकबाकी असेल तर हा परवाना रोखून धरता येतो, हे आपण पाहिले आहे. शेतकऱ्याच्या पैशासाठी जो परवाना रोखता येतो, तो माणसाच्या जिवासाठी का रोखता येऊ नये?

१०. जागा चालक हवा. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर तासन्‌तास, कधी दिवसभर रांगेत उभा असतो. चालक स्टिअरिंगवर डोके टेकून झोपेचे तुकडे गोळा करतो. काटा झाला, गव्हाणीत ऊस पडला की लगेच फडाकडे धाव, कारण टोळी थांबलेली असते आणि तोडलेला ऊस वाळून वजन घटते. ही फेरी रात्रंदिवस चालते. झोप उडवायला मोठ्या आवाजात डेक लावला जातो, मग मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. चालक थकला की स्टिअरिंग घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात जाते. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड कायद्यात आहे. पण कैदेच्या भीतीने झोप भरून निघत नाही. रांगेची वेळ आधी मोबाइलवर कळवणे, अड्ड्यावर झोपायला निवारा, पाणी आणि शौचालय देणे, ठरावीक तासांनंतर त्याच चालकाला पुन्हा खेप न देणे, या गोष्टी कारखान्याला जमण्याजोग्या आहेत. चालकाची झोप हा त्याचा खासगी प्रश्न आहे असे मानणारा कारखाना रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव पणाला लावतो.

११. ट्रॉली माणसांसाठी नाही. हंगामाच्या सुरुवातीला बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून टोळ्या निघतात, तेव्हा एकाच ट्रॉलीत कोप्यांचे सामान, भांडी, शेळ्या, म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असतात. रात्रभर असा प्रवास चालतो. हंगामातही रचलेल्या उसावर बसून बायका-मुले फडावरून कोपीवर येतात. ट्रॉलीला बसायला जागा नाही, धरायला दांडा नाही, उलटली तर माणूस ओझ्याखालीच जातो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्या लोकांची ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. त्यानंतर तिथल्या सरकारने ट्रॉलीचा वापर मालासाठीच करा, असे लोकांना सांगितले. आपण तशा दिवसाची वाट पाहायची का? ज्यांच्या कोयत्यावर साखरेचे राज्य उभे आहे, त्यांना कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी बसने आणावे-सोडावे. साखरेच्या हिशेबात हा खर्च डोळ्यांत भरण्याइतकाही नाही. मजुराला माल समजून वाहून नेणे ताबडतोब बंद झाले पाहिजे.

१२. रस्ताही आरोपी आहे. चौपदरी महामार्ग झाले, पण शेतातून येणाऱ्या वाहनाचा विचार अनेक ठिकाणी झाला नाही. सेवा रस्ता मध्येच संपतो. दुभाजकातला वळण्याचा फाटा तीन-चार किलोमीटर लांब असतो. मग वीस टनांची जोडट्रॉली उलट्या दिशेने, चुकीच्या बाजूने, समोरून येणाऱ्या वेगवान गाड्यांच्या तोंडावर चालत येते. चालकाचे ते चूकच आहे. पण गळित हंगामात कोणत्या कारखान्याकडे कोणत्या रस्त्याने किती ट्रॉल्या जातात, हे माहीत असताना रस्ता आखणाऱ्यांनी त्यांना वाटच ठेवली नाही, ही चूक कुणाची? कारखान्याच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिसरातले ऊसमार्ग नकाशावर आखता येतात. तिथल्या साइडपट्ट्या भरणे, वळणांवरची झाडी छाटणे, चढाच्या पायथ्याशी ट्रॉली थांबवायला जागा करणे आणि गावाच्या वेशीवर दिवे लावणे ही कामे पावसाळा संपताच, धुराडे पेटण्याआधी झाली पाहिजेत. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणाऱ्या वाहतुकीने बांधकाम खात्याला आश्चर्याचा धक्का बसण्याचे कारण नाही.

१३. ‘असे नियम लावले तर हंगाम बंद पडेल,’ हा धाक आता पुरे. ट्रॉली मर्यादेत भरली तर खेपा वाढतील, हे खरे. ब्रेक आणि साखळीचा खर्च येईल, हेही खरे. पण आजची वाहतूक स्वस्त आहे, हे कुणी सांगितले? तिची किंमत चुकती होतेच, फक्त ती कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. ती अपंग झालेल्या कमावत्या मुलाच्या घरात दिसते, सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर दिसते, ओझ्याने फुटलेल्या डांबरात दिसते. २०२२ साली महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसे दगावली. त्यांतल्या प्रत्येक टाळता येणाऱ्या मृत्यूला आपण नशीब म्हणत राहिलो तर हा आकडा कसा खाली येणार? आणि खर्चाचे ओझे कुणी उचलायचे, असा प्रश्न असेल तर तोही सरळ आहे. साखर, इथेनॉल आणि वीज यांतून ज्यांना उत्पन्न मिळते, त्यांनी ते उचलावे. ज्या ट्रॅक्टरमालकाचे घर कर्जावर आहे त्याच्या माथी ते मारू नये. माणसे मारून चालणारा हंगाम फायद्याचा आहे, असे म्हणण्याची हिंमत कुणी उघडपणे करील का?

१४. सभासदाने तोंड उघडले पाहिजे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो शेतकऱ्याच्या मालकीचा म्हणून. त्या मालकीचा अर्थ केवळ सवलतीची साखर आणि निवडणुकीतले मत एवढाच उरला आहे का? ऊस तोडणी आणि वाहतुकीचा खर्च तुमच्या उसाच्या दरातूनच कापला जातो. म्हणजे ती बिनब्रेकची, बिनदिव्याची ट्रॉली तुमच्या पैशावर चालते, आणि तिच्याखाली येणारा मुलगा तुमच्याच गावचा असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत दराची विचारणा जरूर करा. त्याच सभेत उभे राहून हेही विचारा: मागच्या हंगामात आपल्या कारखान्याच्या वाहनांमुळे किती अपघात झाले? किती माणसे गेली? काट्यावर किती ट्रॉल्या मर्यादेबाहेर आल्या आणि त्यांचे काय केले? ही माहिती अहवालात छापून आलीच पाहिजे. ज्या सभेत साखरेच्या उताऱ्याची टक्केवारी दोन दशांशांपर्यंत वाचली जाते, तिथे मेलेल्या माणसांची संख्या वाचायला वेळ नाही, हे सभासदांनी चालवून घेऊ नये.

१५. म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. येत्या हंगामाच्या गाळप परवान्याला साखर आयुक्तालयाने ट्रॉलीच्या सुरक्षिततेची अट जोडावी. नोंदणी, विमा, ब्रेक, साखळी, मागचा दिवा आणि रेडियम तपासल्याशिवाय कारखान्याने वाहतूक करार करू नये. मर्यादेवरच्या वजनाचे भाडे देऊ नये, आणि सतत जास्त वजन आणणारी गाडी बंद करावी. ब्रेक बसवून होईपर्यंत एका ट्रॅक्टरमागे एकच ट्रॉली असावी, निदान घाटात, गावठाणात आणि सूर्यास्तानंतर. काट्याच्या नोंदी परिवहन खात्याला रोज मिळाव्यात. जीवघेण्या अपघातात वाहतूक करार करणारा कारखाना भरपाईत भागीदार असावा. रस्त्यावरच्या आपण सर्वांनी रात्री वेग आवरावा, अंतर ठेवावे, आणि दिवा नसलेली ट्रॉली दिसली तर तिचा क्रमांक आणि ती ज्या कारखान्याकडे निघाली आहे त्याचे नाव पोलिसांना कळवावे.

शेतकरी, ट्रॅक्टरचालक, ऊसतोड मजूर आणि दुचाकीवरून घरी निघालेला मुलगा हे एकमेकांचे शत्रू नाहीत. ही चारही माणसे एकाच गावातली आहेत, अनेकदा एकाच घरातली. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करून खरा जबाबदार बाजूला उभा राहतो, हे आता ओळखा. कारखान्याच्या संचालकांना, साखर आयुक्तांना, पालकमंत्र्यांना आणि परिवहन अधिकाऱ्यांना आजच पत्र लिहा, ग्रामसभेत ठराव करा आणि पुढचे धुराडे पेटण्याआधी उत्तर मागा. दिवा, ब्रेक आणि साखळी नसलेली एकही ट्रॉली आमच्या गावातून जाणार नाही, असा ठराव ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक गावाने करावा, आणि तो पाळला जातो की नाही हे वेशीवर उभे राहून पाहावे.